रनवे मोकळा, आकाश नाही

एअर ट्रॅफिक कंट्रोलर म्हणून निवृत्त होऊन लालबागच्या घरी कायमचा राहायला आलो, तेव्हापासून चाळीतली माणसं एकच विचारतात: एवढं मोठं आकाश, मग विमानं एकमेकांच्या जवळ येतातच कशी? परवा आमच्या मजल्यावरच्या मुलीची एअरपोर्ट्स अथॉरिटीत कंट्रोलर म्हणून निवड झाली. पेढे घेऊन आली आणि तिनेही तेच विचारलं, "काका, रडार असताना घोटाळा होतो कुठे?"

घोटाळा बहुतेक वेळा खोलीत होतो. रनवे सांभाळणारा टॉवर आणि उडालेलं विमान रडारवर घेणारा अप्रोच यांच्यामधल्या हॉटलाइनवर.

नियम तिला ट्रेनिंगमध्ये घोटून घेतीलच. एका रनवेवरून निघालेल्या दोन विमानांचे मार्ग उडाल्यावर लगेच निदान 45 अंशांनी फाकणार असतील, तर मध्ये एक मिनिट पुरतं. दोघांची वाट एकच आणि पुढचं विमान 40 नॉट किंवा त्याहून जास्त वेगवान असेल, तर दोन मिनिटं. रडारवर दिसू लागल्यावर विमानतळाच्या आसपास 3 सागरी मैल, नाहीतर उंचीत 1000 फुटांचा फरक. पुढे अवजड विमान असेल तर त्याच्या पंखांमागे उठणाऱ्या भोवऱ्यांचा हिशेब निराळा. आकडे पाठ होतात, त्यात काही नाही. पण ते एक मिनिट पुढचं विमान वळणार या भरवशावर दिलेलं असतं.

एका विमानतळावर (नाव नको) पावसाळ्यातल्या संध्याकाळी मी ड्यूटी घ्यायला टॉवरवर चढलो. शेजारी हेडसेट लावून ऐकत उभा होतो, सही करून ताबा घ्यायचा होता. एक एटीआर नुकतंच उडालं होतं, त्याला डावीकडे वळायचं होतं. मागे एअरबस रनवेवर येऊन थांबली होती, तिची वाट सरळ. एटीआरच्या वैमानिकाला डावीकडे काळा ढग दिसला. त्याने अप्रोचकडे सरळ जायची परवानगी मागितली, अप्रोचने दिली आणि लगेच हॉटलाइनवर टॉवरला कळवलं. त्या क्षणी जाणारा कंट्रोलर मला हवामान, बंद टॅक्सीवे वगैरे समजावून देत होता. फोन असिस्टंटने उचलला, "कॉपीड" म्हणाला आणि कागदाच्या कपट्यावर लिहून घेतलं. स्ट्रिपबोर्डवर प्रत्येक विमानाची एक पट्टी असते; एटीआरच्या पट्टीवर मात्र डावं वळण तसंच राहिलं. मिनिट भरलं आणि एअरबसला टेक-ऑफ मिळाला.

संथ एटीआर सरळ पुढे आणि त्याच वाटेने मागून जेट. एअरबस संपर्कात येताच अप्रोचवाल्याने तिला उजवीकडे वळवलं आणि चढणं थांबवलं. पण तोवर अंतर 3 मैलांच्या आत आलेलं होतं आणि उंचीतला फरकही पुरेसा नव्हता. प्रवाशांना काही कळलंही नसेल.

विमानात टक्करविरोधी यंत्रणा असतेच की, असं कुणी म्हणेल. 12 नोव्हेंबर 1996 ला चरखी दादरीच्या आकाशात दिल्लीहून निघालेलं आणि दिल्लीला उतरू पाहणारं अशी दोन विमानं आदळून 349 माणसं गेली, त्यानंतर ही यंत्रणा आपल्याकडे सक्तीची झाली. पण जमिनीपासून सुमारे 1000 फुटांच्या आत ती 'वर जा, खाली जा' असे आदेश देतच नाही. उड्डाणानंतरचा पहिला तुकडा माणसांच्या बोलण्यावरच निभतो.

7 जानेवारी 2022 ला सकाळी बेंगळुरूत जे घडलं, ते याच जातीचं. दोन समांतर रनवे, दोन टॉवर कंट्रोलर. शिफ्ट इनचार्जने दक्षिण रनवे बंद करून सगळी वाहतूक उत्तरेवर घ्यायचं ठरवलं, पण दक्षिणेच्या कंट्रोलरपर्यंत ते पोहोचलंच नाही. एकाने कोलकात्याचं विमान सोडलं, दुसऱ्याने भुवनेश्वरचं, आणि दोन्ही एकमेकांच्या दिशेने सरकू लागली. आमच्या लालबागमध्ये दोन गल्ल्यांतल्या मिरवणुका एकाच वेळी मुख्य रस्त्यावर निघाव्यात आणि प्रत्येक कार्यकर्त्याला रस्ता आपलाच वाटावा, तसं. रडार कंट्रोलरने वेळेवर दोघांना वेगळं वळवलं म्हणून निभावलं. मला जास्त खटकलं ते पुढचं: घटनेची नोंदच कुठल्या लॉगबुकात नव्हती.

म्हणून पेढे घेऊन आलेल्या त्या मुलीला सांगितलं, वाट बदलली, रनवे बदलला, ढग आला, की आधी घेतलेला प्रत्येक होकार मेला असं धर आणि नव्याने विचार. असिस्टंटने ऐकलं म्हणजे तू ऐकलंस असं नाही. समोरच्याकडून निरोप शब्दशः परत म्हणून घे, आणि तो कपट्यावर नको, पट्टीवरच जुनं खोडून लिही. रनवे बंद असेल तर बोर्डावर लाल पट्टी आडवी टाक; डोक्यात ठेवू नकोस. एखादं विमान रनवेवर उभं असताना ताबा देऊही नकोस, घेऊही नकोस. ते उडून अप्रोचकडे जाऊ दे, बस निघून गेली तरी चालेल. ताबा दिल्यावर चार-पाच मिनिटं मागे उभी राहा. नवा माणूस काय विसरला ते तेव्हाच कळतं.

आणि अंतर मोडलं तर लिही. आमच्या त्या संध्याकाळी "झालं तर काही नाही ना, सोडा" म्हणणारे होतेच. इनचार्जने ऐकलं नाही, रिपोर्ट गेला. चौकशीत असिस्टंटवर खापर फुटेल अशी भीती होती. झालं असं की, ताबा बदलताना हॉटलाइन कंट्रोलरनेच उचलायची, हा नियम लेखी आला.

मुंबईचं काम आता आणखी गुंतणार आहे. सांताक्रूझचे दोन रनवे एकमेकांना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालतो आणि त्यावर दोन विमानांत फार सवड उरत नाही. 8 जून 2024 ला एक विमान धावपट्टीवरून उडत असतानाच मागे दुसरं उतरलं, ते इथेच. जुहूला हेलिकॉप्टरं, कुलाब्याला नौदल, आणि डिसेंबर 2025 पासून उलव्याला नवी मुंबईचा विमानतळ. निघणाऱ्या सगळ्यांच्या वाटा एकाच आभाळात बसवायच्या. पोस्टिंग इथलं मिळालं तर पहिल्या दिवशी हॉटलाइनचं कुठलं बटण कुणाकडे वाजतं ते वहीत उतरवून घे म्हणालो. तिने ते पेढ्याच्या बॉक्सवरच लिहून घेतलं. तिथेच ओरडलो तिला.