जीमेल उघडत नाही, रिकव्हरी नंबरही नाही: धंदा न थांबवता खातं परत कसं मिळवायचं?



व्हिडिओत आपण हा विषय पाहिला, पण फोन हातात घेऊन एकेक पायरी करायची तर लिहिलेलं समोर लागतं. म्हणून आजचा धडा इथे सविस्तर देतोय.

समजा, तुमचा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे. चार वर्षांपूर्वी नवीन फोन घेतला, तेव्हा मोबाईलच्या दुकानातल्या मुलाने जीमेल काढून दिलं. पुढे त्याच जीमेलवर जीएसटीचं लॉगिन झालं, गुगल मॅपवर दुकानाची नोंद झाली, ग्राहकांचे नंबर आणि मालाचे फोटो साठत गेले. आता तो फोन बिघडला, जुनं सिम बंद झालं आणि पासवर्ड आठवत नाही. स्क्रीनवर एकच उत्तर येतं: हे खातं तुमचंच आहे याची खात्री पटली नाही.

अशा वेळी माणूस घाबरतो आणि दिसेल ते बटण दाबत सुटतो. तसं करू नका. पाच मिनिटं शांत बसा आणि हा धडा वाचा.

गुगल नेमकं काय तपासतं?

मोफत जीमेलसाठी असं कुठलंही काउंटर नाही जिथे आधार कार्ड दाखवलं की खातं उघडून मिळतं. सगळी तपासणी यंत्र करतं. पण तिचा हिशोब आपल्याला ओळखीचा आहे. गल्लीतला दुकानदार उधारी देताना कागद मागत नाही. तो चेहरा ओळखतो, माणूस कुठे राहतो हे त्याला माहीत असतं, मागचा व्यवहार आठवतो. गुगलही तसंच बघतं: फोन किंवा कॉम्प्युटर नेहमीचा आहे का, ब्राउझर तोच आहे का, जागा तीच आहे का, जुना पासवर्ड सांगता येतो का. रिकव्हरी नंबर नसेल तेव्हा याच खुणांवर सगळा भार येतो.

पायरी १: खातं अजून कुठे उघडं आहे का ते शोधा

रिकव्हरीच्या पानावर जाण्याआधी घर आणि दुकान धुंडाळा. बिलिंगचा कॉम्प्युटर, मुलांचा टॅब, कपाटातला जुना फोन, घरातला टीव्ही. फोन किंवा कॉम्प्युटरवर खातं चालू सापडलं तर अर्धं काम झालं. तिथून लॉगआउट करू नका. तो फोन रिसेट तर अजिबात मारू नका, कारण रिसेटनंतर अँड्रॉइड फोन जुन्याच गुगल खात्याचा पासवर्ड मागू शकतो आणि तुम्ही दोन्हीकडून अडकाल.

कॉम्प्युटरवर क्रोम वापरत असाल तर सेटिंगमध्ये पासवर्ड मॅनेजर उघडा. बऱ्याचदा पासवर्ड तिथे सेव्ह झालेला असतो आणि आपल्याला पत्ताच नसतो.

पायरी २: नंबर कोणाचा आहे ते ओळखा

लॉगिन करताना गुगल कधी कधी रिकव्हरी नंबरचे शेवटचे दोन अंक दाखवतं. ते कागदावर लिहा. आता आठवा: खातं कोणी काढून दिलं होतं? मोबाईलवाला, भाचा, सायबर कॅफे की सीएच्या ऑफिसातलं कोणी? नंबर त्यांच्यापैकी एकाचा असू शकतो. तसं असेल तर त्यांना समोर बसवूनच कोड मागवा.

नंबर तुमचाच पण सिम बंद पडलेलं असेल, तर ओळखपत्र घेऊन त्या कंपनीच्या स्टोअरमध्ये लगेच जा. बंद झालेला नंबर निदान ९० दिवस दुसऱ्या कोणाला दिला जात नाही, त्यामुळे इथे दिवस महत्त्वाचे आहेत. सिम हरवलं असेल तर त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम मिळतं. नवीन सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, तेवढा वेळ धरून चला.

पायरी ३: योग्य जागी, योग्य वेळी अर्ज करा

वरचं काहीच जमलं नाही तर गुगलचं अकाउंट रिकव्हरी पान उघडा. पत्ता आहे जी डॉट सीओ स्लॅश रिकव्हर. पण त्याआधी ही तयारी करा:

- ज्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर हे खातं जास्त वापरलं, तेच यंत्र आणि तोच ब्राउझर घ्या.
- नेहमीच्या जागी बसा. दुकानात वापरत होतात तर दुकानात, दुकानाच्याच वायफायवर. सासुरवाडीहून किंवा प्रवासातून प्रयत्न नको.
- आठवतील तेवढे जुने पासवर्ड कागदावर लिहून ठेवा, सर्वांत अलीकडचा सगळ्यात वर. कॅपिटल-स्मॉल अक्षरं नीट पाहा.
- खातं कधी काढलं याचा अंदाज लावा. फोन खरेदीचं बिल किंवा एखाद्या जुन्या ग्राहकाला पाठवलेला तुमचा पहिला मेल यावरून महिना सापडतो.

प्रश्न आले की शक्यतो एकही सोडू नका. पक्कं उत्तर माहीत नसेल तर जवळचा अंदाज द्या. चुकीच्या अंदाजामुळे प्रक्रिया तिथेच थांबत नाही. संपर्कासाठी ईमेल मागितला तर आत्ता उघडता येतो असाच द्या, आणि त्याचा स्पॅम फोल्डरही तपासत राहा.

पायरी ४: थांबायला सांगितलं तर थांबा

कधी कधी गुगल काही तास किंवा काही दिवस थांबायला सांगतं. खातं खऱ्या मालकाला वाचवता यावं म्हणून हा वेळ असतो. तेवढ्यात दहा वेळा प्रयत्न केले तर ‘खूप जास्त प्रयत्न झाले’ असा संदेश येऊन दार आणखी काही काळ बंद होतं. एक प्रयत्न नीट करा, नकार आला तर नवीन माहिती गोळा करा आणि मगच दुसरा करा.

स्वतःच्या डोमेनचा ईमेल असेल तर

दुकानाच्या नावाचा ईमेल गुगल वर्कस्पेसवर असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ॲडमिन पासवर्ड बदलून देऊ शकतो. ॲडमिनच अडकला असेल तर डोमेनच्या डीएनएसमध्ये गुगलने दिलेली नोंद टाकून मालकी सिद्ध करता येते. म्हणून डोमेनचं लॉगिन वेबसाईटवाल्याकडे न ठेवता स्वतःकडे ठेवा.

या सापळ्यांपासून लांब राहा

‘पाचशे रुपयांत जीमेल उघडून देतो’ म्हणणारे भरपूर भेटतील. गुगलने हे काम कोणा एजंटला दिलेलं नाही. इंटरनेटवर सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरवर फोन करू नका. गुगलचा माणूस फोनवर पासवर्ड किंवा ओटीपी मागत नाही. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाईनवर तक्रार करा.

आणि नाहीच मिळालं तर?

खरं सांगायचं तर काही खाती परत येत नाहीत. पण खातं गेलं म्हणून धंदा गेला असं होत नाही. नवीन जीमेल काढा आणि त्याच दिवशी या क्रमाने कामाला लागा:

१. बँक: शाखेत जाऊन नोंदणीकृत ईमेल बदलून घ्या. पैशाचं काम सगळ्यात आधी.

२. जीएसटी: नोंदवलेला मोबाईल चालू असेल तर सीएच्या मदतीने पोर्टलवरचा ईमेल बदला. मोबाईल आणि ईमेल दोन्ही गेले असतील तर कागदपत्रं घेऊन तुमच्या हद्दीतल्या जीएसटी अधिकाऱ्याकडे जा. पडताळणी करून ते नवीन ईमेल आणि मोबाईल नोंदवून देऊ शकतात.

३. गुगल मॅपवरचं दुकान: नवीन खात्यातून मालकीची विनंती टाका. जुन्या मालकाच्या खात्याला उत्तरासाठी ३ दिवस असतात. उत्तर आलं नाही तर पडताळणी करून मालकी मागण्याचा पर्याय मिळू शकतो. आधीचे रिव्ह्यू त्या नोंदीवरच राहतात, म्हणून घाईने दुसरी नोंद काढू नका.

४. ग्राहक आणि पुरवठादार: नवीन पत्ता व्हॉट्सॲपवर कळवा. जुन्या पत्त्यावरून पैशाची मागणी आली तर आधी फोन करून विचारा, हेही सांगा.

आजचा गृहपाठ: १५ मिनिटं

ज्यांचं खातं आत्ता चालू आहे, त्यांच्यासाठी खरा धडा इथे आहे. गुगल खात्याच्या सिक्युरिटी पानावर जा आणि ही कामं उरका:

- रिकव्हरी नंबर आणि रिकव्हरी ईमेल तपासा. दोन्ही तुमचे किंवा घरच्या माणसाचे हवेत.
- टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा आणि बॅकअप कोड काढा. १० कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. प्रिंट काढून दुकानाच्या कागदपत्रांच्या फाईलमध्ये, शॉप ॲक्टच्या दाखल्यामागे लावा.
- गुगल मॅपवरच्या नोंदीला घरातला दुसरा माणूसही मालक म्हणून जोडा.
- जुने ईमेल पडून असतील तर अधूनमधून उघडा. २ वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गुगल काढून टाकू शकतं.
- सिम बदलणार असाल तर आधी खात्यातला नंबर बदला, मग सिम.

शटरच्या कुलपाची दुसरी किल्ली आपण घरी ठेवतोच. ईमेलचीही तशी ठेवा. पुढच्या धड्यात गुगल मॅपवरच्या दुकानाची माहिती नीट कशी भरायची ते पाहू. तोपर्यंत गृहपाठ पूर्ण झाला पाहिजे!