शिरोरेषा आणि गणिती सूत्र

गणिती सूत्र हा वाक्याचाच घटक होय. ते ओळीवरून ढळले की वाचन अडखळते. डोनाल्ड क्नूथ यांच्या ‘टेक’ (१९७८) या अक्षरजुळणी-प्रणालीत प्रत्येक चौकटीला रुंदी, उंची आणि आधाररेषेखालील खोली अशी तीन मापे असतात. सूत्राचे चित्र करून ते संगणकीय पानावर योजले असता खोलीचे माप लुप्त होते. चित्राचा तळच आधाररेषेवर टेकतो आणि अपूर्णांक वर उचलला जातो. म्हणून चित्र त्या खोलीइतके खाली सरकवावे लागते. देवनागरीत मात्र एवढ्याने भागत नाही. रोमन अक्षरे आधाररेषेवर उभी राहतात, देवनागरी अक्षरे शिरोरेषेला लटकतात. वाचकाची दृष्टी वरच्या रेषेने चालते. तेव्हा सूत्रातील अक्षरांचा आकारही शिरोरेषेच्या उंचीशी मेळ घालूनच निश्चित करणे इष्ट ठरते.