उवांचे औषध डोक्याला लावताना

जूनमध्ये शाळा उघडल्या, की महिना-दीड महिन्यात मुलींच्या डोक्यात उवा झाल्याच्या तक्रारी सुरू होतात. उमरगा असो की परंडा, एका बाकावर डोक्याला डोके लावून बसणाऱ्या मैत्रिणी आणि एकाच अंथरुणावर झोपणाऱ्या बहिणी यांच्यात उवा पसरणारच. ऊ उडत नाही, उडी मारत नाही. ती केसावरून केसावर चालत जाते. नियमित न्हाणाऱ्या मुलीलाही उवा होतात. तेव्हा तिला घाणेरडी ठरवून वर्गात वेगळे बसवू नये.

उवांपेक्षा अधिक काळजी वाटते ती त्यांवरच्या घरगुती उपायांची. आपला जिल्हा शेतकऱ्यांचा. सोयाबीन-तुरीवर फवारून उरलेल्या औषधाची बाटली कितीतरी घरांत कोनाड्यात असते. 'अळ्या मरतात तर उवाही मरतील' असे म्हणून तेच केसांना चोळतात आणि वर फडके बांधतात. उवा मरतातही; पण खाजवून सोललेल्या टाळूतून ते विष मुलीच्या अंगात भिनते. लहान जिवाला ते फार लवकर बाधते. मळमळ, उलट्या, तोंडाला लाळ, दरदरून घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, धाप अशी लक्षणे दिसतात. पण लक्षणांची वाट पाहू नये. हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून तिचे कपडे काढावेत, डोके व अंग साबणाने भरपूर पाण्यात धुवावे, १०८ ला फोन करावा. औषधाची बाटली दवाखान्यात बरोबर न्यावी. विष कोणते हे कळले, की डॉक्टरांचा वेळ वाचतो.

रॉकेलने कातडी भाजते, आणि चूल जवळ असेल तर केसच पेट घेतात. ढेकणाची पावडर व जनावरांचे गोचिडाचे औषधही डोक्याला लावू नये.

मग लावायचे काय? परमेथ्रिन १ टक्का हे डोक्यासाठीचे औषध. याच नावाचे ५ टक्क्यांचे मलम खरजेचे असते, म्हणून दुकानात नुसते नाव न सांगता टक्केवारी वाचून घ्यावी. दोन महिन्यांच्या आतील बाळाला ते लावू नये. गरोदर वा अंगावर पाजणाऱ्या मातांनी आणि टाळूवर फोड असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

आपल्याकडे केसांना तेल असतेच. ते शाम्पूने काढून केस टॉवेलने टिपावेत. मुलीच्या डोळ्यांवर घडी केलेले फडके धरायला द्यावे. कानामागे, मानेच्या केसांतही औषध मुरेल असे लावावे आणि घड्याळ लावून १० मिनिटांनी धुवावे. रात्रभर ठेवल्याने गुण वाढत नाही. धुताना मुलीला पुढे वाकवावे, म्हणजे औषधाचे पाणी अंगावर येत नाही. डोळ्यांत गेलेच तर स्वच्छ पाण्याने धूत राहावे. त्यानंतर दोन दिवस न्हाऊ घालू नये.

औषधाने सगळ्या लिखा मरत नाहीत. त्या फुटायला ७ ते १० दिवस लागतात, म्हणून नवव्या दिवशी डोके पुन्हा पाहावे. जिवंत ऊ दिसली तर तेच औषध पुन्हा लावावे. मधल्या दिवसांत बारीक दातांच्या फणीने रोज केस विंचरावेत. हे काम कंटाळवाणे आहे खरे, पण निम्मा गुण फणीचाच. केसांना चिकटलेली पांढरी टरफले राहिली म्हणजे औषध लागू पडले नाही असे नव्हे.

घरातील सर्वांची डोकी त्याच दिवशी तपासावीत. ज्यांना उवा असतील त्यांनाच औषध लावावे. उशीचे अभ्रे व टॉवेल कढत पाण्यात धुवावेत. डोक्याबाहेर ऊ दोन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही, त्यामुळे घरात फवारणी करण्याची गरज नाही.