बदली येईपर्यंत
(आगमनकाळासाठी शास्त्राभ्यास)

आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी, उपासनेच्या ‘ब’ वर्षात, पहिले वाचन यशयाच्या ४० व्या अध्यायातून घेतले जाते. बाबिलोनच्या बंदिवासात खितपत पडलेल्या आपल्या प्रजेचे सांत्वन करा, असे परमेश्वर सांगतो आणि यरुशलेमेचे कष्टाचे दिवस भरल्याची वार्ता देतो. आपण हे ऐकतो, मग शुभवर्तमानातील योहान बाप्तिस्त्याकडे आपले लक्ष जाते, आणि दुसऱ्या वचनातला एक शब्द तसाच मागे राहतो. ‘कष्टाचे दिवस’ असा ज्याचा अर्थ आपण घेतो, तो मूळ हिब्रू शब्द आहे ‘त्साबा’. त्साबा म्हणजे सैन्य, तसेच सैन्यातील नोकरीची मुदत. (जुन्या लॅटिन मिस्सातील ‘सबाओथ’ हा शब्द ज्येष्ठांना आठवत असेल. तो याच शब्दाचे अनेकवचन आहे.) म्हणजे संदेष्ट्याची वार्ता शिपायाला समजेल अशा भाषेत आहे: तुझी मुदत भरली, आता घरी जा.

ईयोबाच्या पुस्तकात हाच शब्द येतो. सातव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात ईयोब मनुष्याच्या पृथ्वीवरील आयुष्याला शिपायाची नोकरी म्हणतो. पुढे चौदाव्या अध्यायात (१४:१४) तो म्हणतो की, देवाने आपल्यासाठी एखादी वेळ नेमून ठेवली असती, तर आपण नोकरीचे सारे दिवस वाट पाहिली असती, ‘हलिफा’ येईपर्यंत. या हिब्रू शब्दाला मराठीत अगदी नेमका शब्द आहे, तो म्हणजे बदली. पहाऱ्यावरचा शिपाई आपल्या जागी दुसरा येण्याची वाट पाहतो, ती बदली.

ही वाट पाहणे काय असते, हे १९४५ साली लाखो शिपायांनी अनुभवले. ८ मे रोजी युरोपातील युद्ध संपले, ऑगस्टमध्ये जपानने शरणागती जाहीर केली. घंटा वाजल्या, लोक रस्त्यावर नाचले. शिपाई मात्र जिथल्या तिथे होते. जहाजे अपुरी, माणसे अफाट. अमेरिकन सैन्याने गुणांची पद्धत काढली होती: नोकरीच्या प्रत्येक महिन्याला एक गुण, परदेशातील प्रत्येक महिन्याला आणखी एक, प्रत्येक पदकाला किंवा मोहिमेला पाच, आणि अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलामागे बारा, तेही तीन मुलांपर्यंतच. सुरुवातीला ८५ गुण भरले की घरी जाण्याचा हक्क मिळे. (शौर्यपदकापेक्षा घरातल्या तान्ह्या बाळाला दुपटीहून अधिक मोल देणारा हा हिशेब आम्हांला तरी आवडला.) ब्रिटिशांनी वय आणि नोकरी यांची सांगड घालून गट पाडले. फ्रान्सच्या किनाऱ्यावर ल हाव्र बंदराजवळ तंबूंची गावेच वसली. त्या छावण्यांना सिगारेटच्या ब्रँडची नावे होती. तिथे हजारो तरुण बोटीची वाट पाहत पडून होते. जानेवारी १९४६ मध्ये मनिला येथे अमेरिकन शिपायांनी घरी पाठवण्यासाठी निदर्शने केली. त्याच महिन्यात कराचीच्या ड्रिग रोड तळावर ब्रिटिश हवाई दलाच्या जवानांनी काम बंद केले आणि ते लोण इतर तळांवर पसरले. जी माणसे लढाईत हटली नाहीत, ती या वाट पाहण्यात हटली.

याच गोष्टीचे नाव आपल्या नाशिक जिल्ह्यातील एका गावावरून पडले आहे. नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला जाताना एक स्टेशन आधी देवळाली लागते. एकोणिसाव्या शतकापासून तिथे ब्रिटिश सैन्याची छावणी होती. मुदत संपलेले गोरे शिपाई तिथे आणून ठेवत, आणि मुंबईहून बोटी सुटायच्या त्या केवळ हिवाळ्याच्या मोसमात. मोसम हुकला तर महिनोन् महिने तिथेच. त्यावरून इंग्रजीत ‘डूलॅली टॅप’ असा शब्दप्रयोग रूढ झाला. डूलॅली म्हणजे देवळाली, आणि टॅप म्हणजे आपला ताप. डोके फिरलेल्या माणसाला आजही इंग्रज ‘डूलॅली’ म्हणतात. फ्रँक रिचर्ड्स या शिपायाने १९३६ सालच्या आपल्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या पुस्तकात लिहिले आहे की, देवळालीत या लोकांजवळ ना हत्यार असे ना काम. नोकरीत ज्यांच्या नावावर एक ठपका नव्हता, असे काहीजण तिथे गुन्ह्यात सापडले आणि घरी जाण्याआधी तुरुंगात गेले.

घराच्या ओढीने त्यांना वेड लागले, असे आम्हांला वाटत नाही. घराची ओढ त्यांना लढाईतही होतीच. हातातले काम काढून घेतले गेले आणि घर अजून मिळाले नव्हते, ही मधली जागा त्यांना सोसवली नाही. संत पौलाला थेस्सलनीकात हेच आढळले. प्रभू आता येणार म्हणून काहींनी कामधंदा सोडला आणि ते नसत्या उठाठेवी करू लागले. त्यांना पौल चांगलेच फटकारतो (२ थेस्स. ३:६-१२).

आपल्या धर्मग्रामातही या मधल्या जागेत बसलेली माणसे आहेत. पहिल्या शुक्रवारी अंथरुणावरील आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर नेले जाते, तेव्हा एक वाक्य हमखास कानी पडते: “सगळे झाले, फादर, आता देव मला का नेत नाही?” मुलांना मार्गी लावले, घर बांधले, जोडीदाराला मातीआड केले. लढाई संपली, पण डिस्चार्जचा कागद नाही. आपण घाईघाईने म्हणतो, “असे बोलू नका, बाय.” का बोलू नये? ईयोब बोलला आणि देवाने त्याचे बोलणे शास्त्रातून पुसून टाकले नाही.

आणखी एक गोष्ट आपण प्रेमापोटी करतो. त्यांच्या हातातले काम काढून घेतो. वालाच्या शेंगा सोलायला घेतल्या तर “राहू द्या”, रोझरीला पुढे बसल्या तर “दमाल”. देवळालीत हत्यारे जमा करून घेत, तसेच हे. त्यापेक्षा त्यांना सांगावे: धाकट्याची परीक्षा आहे, या आठवड्याची रोझरी त्याच्यासाठी तुम्ही सांगायची. शेजारच्या घरी भांडण आहे, त्यांचे नाव तुमच्याकडे. पहारा अजून त्यांच्याकडे आहे. बदली आलेली नाही.

ईयोबाच्या त्या वचनाला लागूनच पुढचे वचन आहे, आणि ते आजाऱ्याच्या उशाशी बसून वाचण्याजोगे आहे (१४:१५). त्यात ईयोब कल्पना करतो की देव हाक मारील, आपण ओ देऊ, कारण आपल्या हातांनी घडवलेल्या माणसाची देवालाच ओढ लागेल. म्हणजे छावणीत पडलेल्या शिपायाचीच नव्हे, तर घरी बसलेल्या पित्याचीही ही वाट पाहणे आहे.

ईयोबाला जे केवळ कल्पनेत दिसले, ते म्हाताऱ्या शिमोनाने हातात घेतले. लूक सांगतो की तो इस्राएलच्या सांत्वनाची वाट पाहत होता, म्हणजे यशयाच्या त्याच ४० व्या अध्यायाची. बाळ येशूला उचलून घेऊन तो देवाला म्हणतो की आता तू आपल्या दासाला मोकळे करतोस (२:२९). तिथला ग्रीक शब्द कामातून रजा देण्यासाठी, सोडून देण्यासाठी वापरतात. ख्रिस्तसभेने हे स्तोत्र रात्रीच्या प्रार्थनेत ठेवले आहे. धर्मगुरू आणि धर्मभगिनी ते रोज म्हणतात आणि झोपतात. बहुतेकांना दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा मिस्साला उठायचे असते.