श्रद्धा आणि सहकार : फादर जुझे वाझ यांच्या चरित्रावरून

श्रद्धा ही मनाची ठेव आहे, असे आपण म्हणतो. परंतु पेटीत जपलेल्या नाण्याने जशी कोणाची भूक भागत नाही, तशी केवळ मनात जपलेल्या श्रद्धेने कोणाची आसवे पुसली जात नाहीत. बायबलमधील याकोबाच्या पत्रात कृतीवाचून असलेला विश्वास निर्जीव ठरविला आहे. मग प्रश्न उरतो तो असा की, ही कृती एकट्याच्या हातून होते काय? याचे उत्तर आम्ही आमच्या गोमंतकातील एका सत्पुरुषाच्या चरित्रात शोधणार आहोत.

जुझे वाझ यांचा जन्म 1651 साली सासष्टीतील बाणावली येथे झाला. 1676 मध्ये त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. 1685 मध्ये जुन्या गोव्यातील गोमंतकीय धर्मगुरूंच्या एका लहानशा मंडळात ते सामील झाले. संत फिलिप नेरी यांच्या परंपरेतील हे मंडळ त्यांच्या पुढील कार्याचा आधार ठरले.

त्या काळी सिंहलद्वीपातील कॅथलिकांची स्थिती बिकट होती. डचांनी 1656 मध्ये कोलंबो व 1658 मध्ये जाफना पोर्तुगिजांकडून जिंकून घेतले, कॅथलिक उपासनेस बंदी केली आणि धर्मगुरूंना हाकलून लावले. युरोपीय धर्मगुरू तेथे गेला असता तर वर्णावरूनच ओळखला गेला असता. सावळ्या वर्णाचा गोमंतकीय मात्र लोकांत मिसळून जाऊ शकत होता. हे जाणून वाझ 1687 मध्ये मजुराच्या वेषाने, एका विश्वासू सेवकाला बरोबर घेऊन, जाफन्यास पोहोचले. प्रवासातच ते आजाराने खचले होते. परक्या प्रदेशात त्यांना प्रथम आधार मिळाला तो तेथील सामान्य लोकांच्या दयेचा.

विद्यार्थी मित्रहो, येथे क्षणभर थांबून विचार करा. जो इतरांना आधार देण्यासाठी गेला, त्याला आधी स्वतः आधार घ्यावा लागला! पुढेही तसेच घडले. लोक त्यांना रात्री एका घरातून दुसऱ्या घरी नेत, लपवून ठेवीत आणि अन्न पुरवीत. 1689 च्या नाताळच्या रात्री जाफन्यात डचांनी प्रार्थनेसाठी जमलेल्या मंडळींवर छापा घातला. वाझ निसटले, पकडले गेले ते त्यांचे यजमान आणि सोबती. धर्मगुरूच्या धैर्याची किंमत त्या रात्री इतरांनी मोजली. चरित्र वाचताना या माणसांचा आपल्याला विसर पडू नये, असे आम्हांस मनापासून वाटते.

1692 मध्ये ते कँडीच्या राज्यात गेले, तेव्हा पोर्तुगिजांचा हेर समजून त्यांना कैद करण्यात आले. बौद्ध राजा दुसरा विमलधर्मसूर्य याची खात्री पटल्यावर मात्र त्यांना मोकळीक मिळाली. त्यांनी तमिळ व सिंहली या भाषा आत्मसात केल्या. एवढ्या मोठ्या बेटावर कित्येक वर्षे हा एकटाच धर्मगुरू; एका गावी त्याची पुन्हा फेरी होईपर्यंत बराच काळ लोटे. म्हणून गावोगावच्या गृहस्थांकडेच त्यांनी जबाबदारी सोपविली. प्रार्थना चालविणे, मुलांना धर्मपाठ देणे, आजाऱ्यांची विचारपूस करणे ही कामे हे लोक करीत. तमिळ भाषक भागात अशा प्रमुखास ‘अण्णावी’ म्हणत. ज्यांच्यावर विश्वास टाकला, ती साधी माणसेच त्या समाजाचा कणा बनली.

या सर्वांची कसोटी 1697 मध्ये लागली. कँडीत देवीची साथ उसळली. भयाने लोकांनी घरे सोडली; कित्येकांनी आपल्याच आजारी आप्तांना रानात नेऊन टाकले. वाझ आणि त्यांचे भाचे फादर जुझे कार्व्हाल्यो मात्र शहरातच राहिले. त्यांनी रुग्णांसाठी निवारे उभे केले, त्यांना अन्नपाणी दिले, त्यांच्या जखमा धुतल्या, मृतांना मूठमाती दिली. रुग्ण ख्रिस्ती आहे की बौद्ध, हे त्यांनी पाहिले नाही.

16 जानेवारी 1711 रोजी कँडीत त्यांचे निधन झाले. कार्य मात्र थांबले नाही. दिवाडी बेटावर जन्मलेले फादर जाकोम गोन्साल्विस यांनी सिंहली व तमिळ भाषांत ग्रंथ लिहून ते पुढे नेले. 14 जानेवारी 2015 रोजी कोलंबो येथे पोप फ्रान्सिस यांनी वाझ यांना संतपद बहाल केले.

हे सारे वाचताना आम्हांस 2020 सालची आठवण होते. आमच्या वाड्यावर पहिला रुग्ण आढळला, तेव्हा आम्हीही भीतीने दार लावून घेतले. दोन दिवसांनी खिडकीतून पाहिले, तो चार तरुण त्या घराच्या पायरीवर पेजेचे भांडे ठेवून परतत होते. त्यांत देवळातल्या भजनात टाळ धरणारे होते आणि कपेलात गाणारेही होते. आम्ही वर्गात ज्या गोष्टी शिकवितो, त्या ही मुले आमच्याआधी आचरीत होती. त्या दिवशी आम्हांस लाज वाटली. संध्याकाळी आमच्या घरचे भांडेही त्या पायरीवर गेले.

भीती एकट्याला घरात कोंडते. सोबत मिळाली की तोच मनुष्य उंबरठा ओलांडतो. श्रद्धा कोणत्याही धर्माची असो, तिला हातांची गरज असते, आणि दोन हात पुरत नाहीत. आपल्या वाड्यावर आज कोणाचे दार बंद आहे, हे घरी जाताना अवश्य पाहा. आणि ते ठोठावण्यास जाताना एखाद्या सोबत्याला बरोबर घ्या.