स्थानिक बातमीचे चोवीस तास
मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेव्हापासून बातमी मुंबईहून वसईकडे येई. केबलमुळे वसई-विरारची बातमी वसई-विरारलाच सांगणे शक्य झाले. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी साचून लोकल थांबल्या. राज्याच्या वाहिनीला ती अनेकांतील एक बातमी. येथील प्रवाशाला मात्र घरी जायला कोणता रस्ता उघडा आहे, हे हवे असते. स्थानिक वाहिनीचे प्रयोजन हेच. परंतु एका तालुक्यात चोवीस तास पुरतील इतक्या बातम्या रोज घडत नाहीत. मग पुनरावृत्ती, वाढदिवसाच्या शुभेच्छा, जाहिराती यांनी वेळ भरावा लागतो. जाहिरातदार पुढारीच असेल, तर त्याला पाण्याचा प्रश्न कोण विचारणार? म्हणून मला वाटते, वाहिनीचे मोल तासांवरून ठरवू नये. कोरड्या नळांच्या वस्तीत तिचा बातमीदार किती वेळा गेला, यावरून ठरवावे.