शेतउंदीर आणि शापू

भुईमुगाची काढणी चालू असतां हिरण्यकेशीकांठच्या एका शेतांत आम्ही कांहीं विद्यार्थ्यांसह गेलों होतों. बांध खणतांना उंदराचें बीळ लागलें. आंत आडव्यातिडव्या वाटा, आणि एका टोकाला शेंगांचा सांठा! ओंजळी भरभरून शेंगा निघूं लागल्या, तेव्हां मालकाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. शेजारच्या मोकळ्या रानांत खतासाठीं धनगरांचीं मेंढरें बसविलेलीं होतीं. त्यांच्याकडे पाहून एका मुलानें विचारलें, "सर, मेंढरांचे रानटी भाऊबंद असतात का?"

असतात, परंतु आपल्या सह्याद्रींत नाहींत. पश्चिम आशियाच्या डोंगराळ मुलुखांत सुमारें १०,००० वर्षांपूर्वीं माणसानें रानटी मेंढी माणसाळविली. तिचा एक जवळचा आप्त लडाखांत सिंधु व श्योक या नद्यांच्या खोऱ्यांत आजही राहतो. त्यास शापू म्हणतात. बिळांतला उंदीर आणि हा शापू यांची तुलना आम्हीं मुलांसमोर तेथेंच मांडली.

दोघांचाही मुख्य आहार वनस्पतींचा. साधनें मात्र निराळीं. उंदराचे पुढचे चार पटाशीचे दांत जन्मभर वाढत राहतात. त्यांचें कठीण कवच पुढच्याच बाजूस असल्यामुळें मागची बाजू आधीं झिजते व धार कायम राहते. सुताराला आपली पटाशी वरचेवर घासावी लागते. उंदराची कुरतडतां कुरतडतांच घासली जाते. उलट शापूच्या वरच्या जबड्यांत पुढचे दांतच नाहींत! तेथें टणक हिरडी असते. खालचे दांत तिच्यावर दाबून तो गवत तोडतो, घाईघाईनें गिळतो, आणि मग निवांत जागीं बसून रवंथ करितो. उंदीर आपली शिदोरी बिळांत ठेवितो, शापू पोटांत, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं.

खरा भेद संततींत आहे. उंदराची मादी सुमारें तीन आठवड्यांत सहा-आठ पिलें घालते. तीं उघडीं व आंधळीं असतात. पण कांहीं महिन्यांतच तींही आईबाप होतात. शापूची मादी सुमारें पांच महिने गर्भ वाहते व बहुधा एकच कोकरूं देते. म्हणून यंदा शेंकडों उंदीर मारले तरी पुढच्या सुगीला बीळ पुन्हां भरलेलें सांपडतें. शापूचें तसें नाहीं. बेसुमार शिकारीनें त्याचे कळप रोडावले. वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्याची शिकार बंद केली. तरी त्याचें रान गांवांना व रस्त्यांना लागून असल्यामुळें तेथलें गवत पाळीव शेळ्यामेंढ्याही खातात. म्हणजे अडचण घरच्याच नात्यांतली!

हें सारें ऐकत उभा असलेला मालक म्हणाला, "तुमच्या शापूला कायद्यानं राखलं, माझ्या शेंगा कोण राखणार?" घुबड आणि धामण हे तुमचे बिनपगारी राखणदार आहेत, त्यांना मारूं नका, असें आम्हीं सांगितलें. धामणीचें नांव काढतांच तो हंसला, आणि पुन्हां बांध खणूं लागला.